पहिल्या होडीचं नाव

बोईसरात इंटरनेटची दुकानं नवी नवी निघाली होती तेव्हाची गोष्ट. अशाच एका दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर लाल टोपी घातलेले, एडवणहून आलेले एक कोळी काका होते.

"जरा बघता काय? पोर दुबईला हाय. जाताना त्यानंच माजं ईमेलचं खातं काढून दिलं. पासवर्ड विसरलो, आता उघडत नाय."

पडद्यावर खूण पटवायचा इंग्रजी प्रश्न होता, मुलानेच निवडलेला. मी मराठीत सांगितला, "तुमच्या पहिल्या होडीचं नाव विचारतंय, काका."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जाळ्याने चिरलेला अंगठा तिच्या काठावरून फिरत राहिला.

"ती बुडाली. माजा धाकटा भाऊ होता तिच्यावर. तवापासून घरात कोण तिचं नाव घेत नाय."

"मग राहू द्या."

"नको. बरेच दिस पोराची खबर नाय."

ते वाकले आणि माझ्या कानात पुटपुटले. ते नाव मी इथेही लिहिणार नाही. त्या यंत्राला काय, अक्षरं जुळली की झालं. खातं उघडलं, मुलाचं पत्र आलेलं होतं.

"वाचून दाखवू?"

"थांबा जरा." त्यांनी डोळे पुसले. "पोराला ठाऊक होतं. बाप बाकी काय पन विसरल, हे नाय."