प्रमिलाबाईंची तेवीस तिकिटं

एका दुपारी हेल्पडेस्कला आलेल्या तक्रारी: तेवीस.
पाठवणारी बाई: एक.
खर्च: काही नाही. फक्त उजव्या हाताचं एक बोट दुखलं.

ती बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, प्रमिलाबाई. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

त्या मुलींच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होत्या. आधी कॉम्प्युटर बिघडला की शेजारच्या खोलीत हाक मारायच्या, काम व्हायचं. मग कॉलेजनं तक्रारींसाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. आता हाक बंद. मोबाईलवरून तक्रार नोंदवा, म्हणजे तिकीट टाका, आणि वाट पाहा.

तिकीट टाकताना काम किती घाईचं ते निवडावं लागतं. खाली लो, सगळ्यात वर क्रिटिकल.

प्रमिलाबाई कायम लो.

म्हणायच्या, दुसऱ्या कोणाचं जास्त अडलं असेल. शनिवारी मारुतीच्या रांगेतसुद्धा त्या मागच्या बाईला पुढे जाऊ द्यायच्या. आमचा नारळ फुटेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

एकदा त्यांचा प्रिंटर अकरा दिवस बंद होता. बाईंनी सगळे दाखले हातानं लिहिले, पण लो काही सोडलं नाही.

आणि मग तो स्कॉलरशिपचा शेवटचा दिवस.

तेवीस मुलींचे फॉर्म त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये भरून तयार. पाच वाजेपर्यंत पाठवायचे. आणि सकाळीच कॉम्प्युटरनं पासवर्ड नाकारला. बाईंनी तिकीट टाकलं. उत्तर आलं, तीन दिवसांत पाहू.

दुपारी एकला मला फोन.

"सुमन वं, पोरी बाहेर बसून राहिल्या. मले आत जाताच येऊन नाही राहिलं."

मी विचारलं, क्रिटिकल टाकलं का?

"माह्या कामाले क्रिटिकल काहून म्हणू मी?"

"बाई, तुमचं कुठं आहे ते काम? पोरींचं आहे न."

"बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता एक तिकीट टाकतील.

बाईंनी प्रत्येक पोरीच्या नावानं वेगळं टाकलं. मोबाईलवर, एका बोटानं. "कु. वैशाली. वडील नाहीत. आई कामठीला लूमवर विणायला जाते. फॉर्म गेला नाही तर हिचं शिक्षण थांबेल." अशी तेवीस. सगळी क्रिटिकल.

तिकडे म्हणे हेल्पडेस्कची स्क्रीन लालेलाल. दहा मिनिटांत एका मुलाचा घाबरून फोन. मॅडम, तुमच्याकडे तेवीस मशीन बंद पडल्या का?

"नाही गा बाबू. मशीन एकच बंद आहे. पोरी तेवीस थांबल्या."

वीस मिनिटांत कॉम्प्युटर उघडला. पावणेपाचला शेवटचा फॉर्म गेला. पोरींनी बाईंना उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पुढची गंमत अशी की प्रत्येक तिकिटामागे विचारणा आली, आमची सेवा कशी वाटली? लोक ते उघडतही नाहीत. बाईंनी दोन दिवस बसून तेवीसही भरल्या. पाच-पाच स्टार, आणि दर वेळी वेगळा आशीर्वाद. त्या महिन्यात त्या मुलाला बक्षीस मिळालं. त्यानं बाईंना बक्षीस घेतानाचा फोटो पाठवला. तो त्यांनी छापून आणून देवघराच्या फळीवर ठेवला, मी हसले तर माझ्यावरच डाफरल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा कीबोर्ड बिघडला.

टाकलं काय? लो.

मी कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, "आता ते माहं काम आहे न वं."

आज बाईंच्या फोटोला हार घातला, साखरभाताचा नैवेद्य दाखवला. रडू आलं नाही. हसूच येत राहिलं. बाई, रागवू नका.

त्या तेवीस जणींपैकी कोणी हे वाचत असेल तर खाली लिहा. कुठवर शिकलात, सध्या काय करता, घरी कोण कोण आहे. एकीनं सगळ्यांचं मिळून लिहू नका, जिचं तिनं लिहा.

आजच कळवा. संध्याकाळी दिवा लावला की मी त्यांच्या फोटोसमोर एकेक वाचून दाखवणार आहे.