सर्व शांत

"ए, पिशवी उलटी कर."

दुपारचे चार. मी बांगड्यांच्या कारखान्यातून सुटून चाळीच्या तोंडाशी पोचत होते. गस्तीचा हवालदार मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही, काठीनेच पिशवी दाखवली. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाची तरी साखळी गेली होती. म्हणून आम्हा चाळीतल्या बायांची झडती.

उलटी केली. डबा, कंगवा, पेपरात गुंडाळलेली पुडी. त्याने काठीने पुडी उलगडली. माझे पाळीचे कपडे रस्त्यावर पडले. वर गॅलरीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. चाळीसमोरच्या कट्ट्यावर कायम बसणारे चौघे टवाळही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि ही गस्त मागितली कोणी? मीच! नालासोपाऱ्यात तेव्हा आमच्या चाळीला नळ नव्हता. टँकर यायचा, आणि हेच चौघे हंडे घेऊन उभ्या पोरींच्या अंगचटीला जायचे. माझी धाकटी बहीण मंगल एकदा हंडा तिथेच टाकून रडत घरी आली. चाळीत दहावी पास मी एकटी. त्याच दिवशी अर्ज लिहिला, रोज गस्त मिळावी म्हणून. चाळभर फिरून सह्या, अंगठे घेतले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

गस्त आली. चाळीच्या भिंतीला पेटी ठोकली, आत वही. हवालदार वेळ टाकायचा, शेरा लिहायचा आणि अर्जदार म्हणून माझी सही घ्यायचा. शेरा ठरलेला: गस्त झाली, सर्व शांत. तो आला की चौघे सभ्य. कधी त्यांच्यासोबत चहाही प्यायचा. तो गेला की पुन्हा तेच. बाबांनी मंगलला घराबाहेर सोडणं बंद केलं, तिची शाळा सुटली. ती सुटली त्या दिवशीही वहीत सर्व शांत. खाली माझी सही. भीती वाटायची, हा रागावला तर येणंच बंद करेल.

झडतीच्या त्या दुपारी मी रस्त्यावरचे कपडे गोळा करत होते, तर हवालदाराने वही पुढे केली.

"चल, सही कर."

"नाही करणार."

"अर्ज तूच केलास ना गं?"

"मीच केला. आधी त्या चौघांच्या पिशव्या उलट्या करा."

"लई शिकलीस," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पेटी बिल्डिंगच्या गेटवर. तिथले चेअरमन सही करू लागले. त्यांच्या घरात नळ, मुली रिक्षाने शाळेत. त्यांना शांत वाटणारच. आमचे लोक माझ्यावरच उलटले, "होती ती गस्तपण घालवलीस." चौघे कट्ट्यावरच राहिले. मंगल पुन्हा शाळेत गेली नाही. तिचं आयुष्य त्या दहा बाय दहात वाळून गेलं. त्याचा राग अजून जात नाही माझा.

आजही कुणी गस्तीच्या कागदावर सही मागायला येतं. मी एकच विचारते, आमची पोरगी एकटी पाण्याला जाऊन परत येते का? ते पेनच पुढे करतात. मग कागद परत करते. माझी सही मिळणार नाही.