अठरापैकी दोन फळ्या

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, मुलगा नोकरीला बाहेरगावी, आणि आता घरात मला ऐकणारं कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. सांगायला सोपं आहे म्हणून नव्हे — एका माणसाजवळ हे फार काळ राहिलं म्हणून.

आष्टीच्या बाजारात मी वजनकाट्यावर बसतो. तेवीस वर्षं झाली. माझ्या काट्यावर किलोचा फरक निघाला, असं कुणी म्हणत नाही. गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं मी स्वतः दोनदा पाहतो. या एका गोष्टीचा मला अभिमान होता. तोच पुढे आडवा आला — पण त्याकडे यायला मला थोडा वेळ द्या.

गावच्या वाचनालयाला कपाटं करायची होती. मी समितीचा चिटणीस. काम काशिनाथ मिस्त्रीला दिलं. काशिनाथ माझ्या वर्गातला; रोज संध्याकाळी काट्यावर यायचा, एक चहा आम्ही दोघांत प्यायचो. तरुणपणी तो दोन वर्षं प्लायवुडच्या कारखान्यात होता. लाकडाचा ओंडका गरम पाण्यात मऊ करतात, मग लांब पात्यासमोर गरागरा फिरवतात आणि कापडाचं ठाण उलगडावं तसा त्याचा पातळ पापुद्रा निघत जातो — हे तो हातांनी दाखवायचा. ते पापुद्रे वाळवून, डिंक लावून, एक उभा एक आडवा असे रचतात आणि तापत्या दाबाखाली धरतात. थर नेहमी विषम. तीन, पाच, सात, तेरा. म्हणजे वरचा आणि खालचा थर एकाच दिशेचे येतात. हे मी कितीदा ऐकलं होतं? मोजलं नाही. पण ऐकलं होतं.

फळी सव्वातीन फूट लांब, पावणेबारा इंच रुंद. अशा अठरा हव्या होत्या. प्लायवुडच्या आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून सरळ कापल्या तर आठच निघतात. दोन शीटच्या सोळा. उरलेल्या दोन फळ्यांसाठी तिसरी शीट! ते माझ्या डोक्याला पटेना. पैशाचा प्रश्न नव्हता, समितीकडे होते. मी रविवारभर कागद घेऊन बसलो. प्रत्येक शीटच्या शेवटी दीड फुटाची पट्टी उरत होती. त्या पट्टीत एक फळी आडवी बसत होती. दोन शीट, अठरा फळ्या, बरोबर! मी कागदाखाली सही केली — सही कशाला केली असेल?

काशिनाथनं कागद पाहिला आणि पेन्सिल कानावर खोचली.

"भाऊ, या दोन आडव्या जाऊन राह्यल्या. लाकडाच्या रेषा बघा की."

"प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा. तूच सांगतो ना? मंग दोन्हीकडून सारखंच."

"सारखं न्हाई. वरचा अन् खालचा थरच जास्ती ताण झेलतो. त्याच्या रेषा लांबीकडं पाहिजेत. तिसरी शीट आणू, उरल्याचा सूचनाफलक करू."

"माझा हिशोब चुकत न्हाई, काशिनाथ."

तो हसला. "तुमचा काटा वजन सांगतो, भाऊ. पेलायचं फळीला हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. करवत लावताना तिसऱ्यांदा म्हणाला. मी तिथेच उभा होतो. मी म्हणालो, "काप."

दोन वर्षं गेली. सोळा फळ्या सरळ राहिल्या. दोन मधोमध बोटभर झुकल्या, आणि त्यातली एक कपाटातल्या आधाराच्या पट्टीवरून निसटून सगळी पुस्तकं जमिनीवर आली. कोणत्या दोन, हे मला वाकून बघायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. गावातल्या शाळेच्या सगळ्या वर्गांना कपाटं करायची होती, आणि ते काम काशिनाथला मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. त्यावर त्याची दोन वर्षं निघाली असती. तोही कोपऱ्यात बसला होता. अध्यक्ष, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, म्हणाले, "मिस्त्री, दोन वर्षांत फळ्यांनी माना टाकल्या राव. पोरांच्या डोक्यावर कपाट घालतो का काय?" सगळे हसले. मग अण्णा माझ्याकडे वळले. "मुकुंदराव, कापायचा नकाशा तर तुमचा होता. त्यात काही गडबड?"

आता येतो तिथे. इतका वेळ फिरलो ते याच्याचसाठी.

मी म्हणालो, "नकाशा बराबर होता. कापताना दोन फळ्या फिरवल्या गेल्या असतील."

गप्प बसलो असतो तरी ते भ्याडपण झालं असतं. मी गप्पही बसलो नाही. शांतपणे बोललो, गाडीचं वजन सांगतो त्याच आवाजात. आणि माझ्या आवाजावर गाव विश्वास ठेवतं, हे मला ठाऊक होतं.

काशिनाथनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या सहीचा तो कागद त्याच्याकडे होता. मिस्त्री असे कागद टाकत नाहीत. तो म्हणाला, "हौ, फिरल्या असतील." मग उठला, दाराशी चपला घातल्या आणि गेला. कागद त्यानं त्या दिवशीही काढला नाही, नंतरही नाही. का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

शाळेचं काम परतूरच्या माणसाला गेलं. गावातली घरगुती कामंही हळूहळू थांबली — दोन फळ्यांची गोष्ट बाजारात पोचली होती. वर्षभरात काशिनाथ जालन्याला फर्निचरच्या एका दुकानात रोजावर लागला. स्वतःची हत्यारं असलेला मिस्त्री, दुसऱ्याच्या हाताखाली. संध्याकाळी काट्यावर आता मी एकटा असतो.

त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं. "मिस्त्रीच्या चुकीमुळे दोन फळ्या निकामी झाल्या." माझ्या अक्षरात. मी अजूनही चिटणीस आहे. ते रजिस्टर माझ्याच घरात, टेबलावर असतं. त्या ओळीवर रेघ मारून खाली खरं लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. हे लिहिण्याआधी मी ते पान उघडलं, वाचलं आणि मिटलं. रेघ मारली नाही.

नऊ वर्षं झाली.