पश्चिमेच्या खिडकीतून दिसलेला डाग

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी गोंदियाच्या ज्युनिअर कॉलेजमधली भौतिकशास्त्राची नोकरी सोडली. "थोडे दिवसच," नवरा म्हणाला होता. तो सकाळीच कामावर निघून जायचा आणि कामठा गावातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघी उरायचो. सासूबाई खाटेवर, मी खाटेजवळ. उन्हाळा लागला तसा कूलर नुसती ओली, गरम हवा फेकू लागला. त्यांना एकटं सोडून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मला जाता येत नव्हतं.

एका दुपारी त्या चिडून म्हणाल्या, "यंदा सूर्यच जास्त तापून राहिला काय वं?"

कित्येक महिन्यांनी कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारलं होतं. मी बोलतच सुटले. सूर्य बदलतो, पण अगदी थोडा, हजारात एखादा हिस्सा. आपली ही काहिली त्याच्यामुळे नाही. तो काही घट्ट गोळा नाही. त्याचा मधला पट्टा टोकांपेक्षा लवकर फिरतो, म्हणून आतलं चुंबकत्व पिळत जातं. पीळ जिथं वर येतो तिथं खालची उष्णता अडते आणि काळा डाग दिसतो. साधारण अकरा वर्षांत हे डाग वाढतात आणि ओसरतात.

"मंग डाग पडले का थंड होत असन तो."

"नाही आई, उलट. डागांच्या आसपास लखलखीत ठिपके उमटतात. डागांनी जेवढं तेज कमी होतं त्याहून जास्त ते भरून काढतात."

"मले दाखव."

पेटीत ग्रहण पाहायचा चष्मा होता. संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या खिडकीत आला, तेव्हा मी त्यांना छातीशी टेकवून बसवलं आणि चष्मा डोळ्यांवर धरला. त्या आठवड्यात सूर्यावर भला मोठा डाग होता. त्या हळूच म्हणाल्या, "हाव वं. तिळावानी हाये."

नवरा घरी आला तशा त्या त्याला म्हणाल्या, "हिले कालेजात जाऊ दे. घरात कायले बसवून ठेवलं?"

बूट काढता काढता त्यानं विचारलं, "मंग तुयाकडे कोण पाहीन?"

मी त्याचं ताट वाढायला घेतलं.

माझ्या जागेवर दुसरी बाई लागल्याचं पुढच्याच आठवड्यात कळलं. डाग रोज कडेकडे सरकत होता. एका संध्याकाळी तो दिसेना.

"कुठी गेला?"

"पलीकडे गेला, आई. सूर्य फिरतो ना."

"त्याचं बरं हाये," त्या म्हणाल्या. मी चष्मा काढला आणि त्यांना परत आडवं केलं.