यारीच्या कप्पीतली पिन

माझा थोरला भाऊ कमरेखाली हलत नाही. मैंदर्गीच्या घरी पुढच्या खोलीत त्याची खाट आहे. कुणी नवा पाहुणा आला की चहा यायच्या आत तो एक गोष्ट सांगायचा. पृथ्वीच्या टोकाला बर्फात खोल भोक पाडतात, त्या यंत्राचा ताण मोजायचं मशीन आमच्या बारक्यानं सोलापुरात केलं, आणि ते पहिल्यांदा टांगलं ते माझ्या यारीवर. बारक्या म्हणजे मी. आता पन्नाशीला आलो तरी त्याच्यासाठी बारक्याच. पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघायचा आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. वजन आणि ताण मोजायची उपकरणं आम्ही करतो. बर्फाचं काम एका परदेशी तुकडीकडून आलं होतं. खोल बर्फात उतरणारं ड्रिल एका लांबलचक केबलला लटकलेलं असतं. खाली काय चाललंय ते वरच्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त केबलवरचा ताण. ड्रिल तळाला टेकलं की आकडा उतरतो. कापलेला बर्फाचा दांडा तळापासून तोडताना तो चढत जातो आणि दांडा सुटला की धपकन खाली येतो. त्या आकड्याकडे बघूनच माणूस हात चालवतो. आकडा खोटा निघाला तर ड्रिल तिथंच अडकतं, कायमचं. वरच्या कप्पीच्या आसात एक जाडजूड पिन असते, ती हा आकडा देते. ती पिन आम्ही करत होतो.

थंडीची चाचणी आम्ही भर मे महिन्यात केली. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, पिंपात मीठ घालून त्यात पिन बुडवली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आम्ही थंडीनं बधिर झालेली बोटं काखेत धरून उभे होतो. ते जमलं. राहिली हिसक्याची चाचणी. खरा दोर, खरं ओझं आणि खरी खोली हवी होती. हे सगळं दादाकडे होतं.

दादा विहिरी खोदायची कामं घ्यायचा. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर काढायची लोखंडी क्रेन. तिला इंजिन, ब्रेक, वर कप्पी आणि वायररोपला टांगलेली बकेट. दादाची एक लकब होती. बकेट खाली सोडताना तो ब्रेक पूर्ण मोकळा करायचा. बकेट सणाणत जायची आणि तळ हातभर राहिला की तो ब्रेक दाबायचा. आसपासच्या गावांत हे कुणाला जमत नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

कप्पीत पिन बसवताना माझा हातमोजा वायररोपला अडकला. बघितलं तर एका जागी बारीक तारा सुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. मग चाचणी सुरू झाली. दादानं दगड भरलेली बकेट सोडली, ब्रेक मारला. लॅपटॉपवरची रेघ उभी चढली. बकेटच्या वजनाच्या जवळपास तिप्पट. दरवेळी तसंच. ज्या दोरावर दादा रोज माणसं खाली उतरवत होता, तो दोर दर हिसक्याला तिप्पट ओझं खात होता.

आमच्याकडे विहिरीच्या तोंडाशी दोर तुटायची गोष्ट काढत नाहीत. तो शब्दच उच्चारायचा नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी रिवाज पाळला. ते खरं नाही. आलेखात रेघ फार सुंदर येत होती. उपकरण रवाना करायचं होतं. मी तोंड उघडलं असतं तर दादानं यारी बंद केली असती, दोर उतरवला असता आणि माझी चाचणी अर्धी राहिली असती. मी बोललो, पण काय बोललो?

"दादा, आजून एकदा सोड की. तसंच."

त्यानं सोडली. हसत सोडली. "शेरातल्या सायबाला आमचा ब्रेक आवडला बग," असं गड्याला म्हणाला.

त्याच आठवड्यात परदेशी इंजिनिअरशी व्हिडिओवर बोलणं झालं. मी त्यांना बजावून सांगितलं, की केबल मोकळी सोडून अचानक रोखू नका. एकाच जागी रेघ वारंवार उभी चढली तर काम थांबवा आणि केबल तपासा. हे मी दादाच्या दोरावरून शिकलो होतो. ते सगळं त्या अनोळखी माणसांना सांगितलं. मैंदर्गी फोनच्या अंतरावर होती. उद्या सांगू म्हणालो, मग पुढच्या खेपेला, समोरासमोर.

पुढची खेप दवाखान्यातच झाली. दादा स्वतः बकेटमध्ये उभा राहून खाली उतरत होता. ब्रेकवर त्याचा गडी होता, दादाचीच लकब शिकलेला. दादा वर बघून "निधान, निधान" म्हणत होता म्हणे. कानडीतलं हळू. त्या दिवशी कप्पीजवळ दोरानं दगा दिला आणि दादा बकेटसकट तळाला आदळला.

दर अमावास्येला यारीपुढं नारळ फोडायचा आणि तो घरच्या बाईनं न्यायचा, असा आमच्यात नेम. अपघाताच्या आदल्या अमावास्येला वहिनी लेकीच्या कॉलेजप्रवेशासाठी बार्शीला गेली होती. नारळ राहिला. भावकीला तेवढं पुरलं. तोंडावर कुणी भांडलं नाही. नुसतं बोलता बोलता यायचं, नारळ राहिला नसता तर. दादा तसं कधी म्हणाला नाही, पण नाकारलंही नाही. वहिनी तेव्हापासून दर अमावास्येला गंजत पडलेल्या यारीपुढं नारळ फोडून यायची. मी ते बघायचो आणि तिच्या हातचा चहा प्यायचो.

गेल्या हिवाळ्यात मी मैंदर्गीला असताना फोनवर बर्फातून निरोप आला. आमची चुलतीही तिथंच बसली होती. दादा म्हणाला, वाच की मोठ्यानं. मी मराठीत सांगत गेलो. केबल उतरवताना रेघ एका जागी वारंवार चढू लागली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून आम्ही थांबलो. वर आणून बघितलं तर तारा सुटल्या होत्या. ड्रिल वाचलं, तुमचे आभार.

दादानं मांडीवर हात आपटला, ज्या मांडीला ते कळत नाही. "बगा काकू. आमच्या यारीवर शिकलेलं मशीन हाय."

चुलती वहिनीकडे बघत म्हणाली, "मशीनला कळतं बाई सारं. नारळाचं तेवढं माणसानं ध्यानात ठेवाय पायजे."

वहिनी कपबशा गोळा करत होती. तिनं मान खाली घातली, नेहमीसारखी. आणि मला ते सहन झालं नाही.

"नारळाचं कारण न्हाय काकू," मी म्हणालो. "दोर खराब झाला व्हता. मला म्हाईत व्हतं. त्या दिवशी रेघ हितंबी तशीच चढत व्हती."

मग तारांचे काटे, तिप्पट ओझं, सगळं सांगितलं. तुटायचा शब्दही उच्चारला. दादा छताकडे बघत ऐकत होता.

"दिसलं व्हतं तुला?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन तू मला आजून एकदा सोड म्हनलास."

मी मान हलवली. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनीला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. ती उंबऱ्यात कपबशांसकट उभी होती. "भाऊजी," ती म्हणाली, "एवढी वर्सं मी देवाची माफी मागत व्हते. तुमी जेवून जात व्हता." आणि आत गेली.

पुढच्या अमावास्येला ती यारीकडे गेली नाही. घरात नारळ होता, त्याची चटणी केली, असं पुतणीनं फोनवर सांगितलं.

मी अजून जातो. दादा तब्येतीचं विचारतो, पावसापाण्याचं बोलतो. बारक्या म्हणतो. परवा पुतणीच्या स्थळाकडचे लोक आले होते. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता. मी दादाकडे बघितलं. गोष्ट सांगायची जागा हीच होती. दादानं कूस बदलायला खाटेची दोरी धरली आणि म्हणाला, "सोलापुरात असतोय त्यो. वर्कशॉप हाय."

तेवढंच.