बाबाले शब्द देऊ नोका

"तुम्ही दोघंही बाहेर बसा," डॉक्टर म्हनले. "आणि दार लोटून घ्या."

आईचं तोंडच उतरलं. मी दार लोटलं, पन फटीतून पाहत राह्यलो.

डॉक्टरनं विचारलं, "काका, आज वार कोणता?"

बाबानं मान तिरपी केली, कान दाराकडं केला आन थांबले. शब्द काही आला नाई.

"बरं, तुमचं गाव कोणतं?"

बाबा तसेच थांबून.

मंग आमाले आत बोलावलं. "डिमेन्शिया दिसतोय," डॉक्टर म्हनले. मले वाटलं, म्हातारपनाचा विसराळूपना असन. तसं नोय. यात मेंदूच झिजत जाते. आदी आठवन जाते, मंग रस्ता, मंग मानसं. गोळ्यांनं थोडी गती कमी होते, पन गेलेलं वापस येत नाई.

याच्या आदी दोनदा बाबाले दाखवलं होतं. दोन्ही खेपेले बाबा पास! काहून पास झाले ते सांगतो, कारन तुमच्या घरीबी हेच चालू असन.

आमचं गाव अड्याळच्या जवळ. दिवाळी झाली का मंडई, म्हंजे गावची जत्रा, भरते आन रातभर नाटक चालते. बाबा त्याच्यातले खलनायक. आमच्या झाडीपट्टीत पाठांतर कोन करते जी? दोन तालमीत नाटक उभं. पडद्यामांगून प्रॉम्प्टर वाक्य देते आन नट ते झेलते. बाबा त्यात असे उस्ताद, का मांगच्याचे नुसते ओठ हालले तरी इकडं डरकाळी फोडत.

आजार घरात आला तवा आमी सारे प्रॉम्प्टर होऊन बसलो. रस्त्यानं कोनी विचारलं, "काय भाऊ, धानाचा रोवना झाला का?" का आई मांगून पुटपुटे, "झाला म्हना." आन बाबा खनखनीत, "झाला ना बाप्पा! पानी कुठी थांबते आपल्यासाठी?" मानूस हसत जाये. दवाखान्यातबी तेच. वार आईनं सांगतला, गाव मी सांगतलं. डॉक्टर खूश, आमी खूश.

"तुम्ही मायेनंच केलं," डॉक्टर म्हनले, "पण आजार तेवढा वेळ लपून राहिला."

म्हनून सांगतो, तपासनीच्या वक्ती शब्द देऊ नोका. मानसाले चुकू द्या. आपलं मानूस दुसऱ्याफुडं चुकताना पाहनं लय जिवावर येते, मले मालूम हाय. तरी चुकू द्या.

मंग तपासन्या झाल्या. रक्तात बी-ट्वेल्व्ह आन थायरॉइड पाह्यलं, कारन हे बिघडलं तरी मानूस विसरते, आन ते गोळीनं सुधरते. आमी देवाले म्हनलो, थायरॉइड निघू दे. दोन्ही नॉर्मल. मंग एमआरआय, म्हंजे मेंदूचा फोटो, त्यात झीज दिसली. बाहेरच्या बाकावर मी त्या मशीनची नक्कल केली, ढक ढक ढक टूंऽऽ. मी गावभर नकला करत फिरतो, एसटीच्या कंडक्टरपासून सरपंचापर्यंत कोनाले सोडत नाई. बाबा पोट धरून हासले. आई हासली नाई.

आईचं वेगळंच चालू होतं. तिच्या अंगावरून जाऊन राह्यलं होतं, किती महिन्यांपासून कोन जाने. पवनीच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, "पिशवी काढावी लागेल. उशीर करू नका, रक्त फार कमी झालंय."

आई म्हने, "मी तथी पडली तं याईले कोन पाहीन?"

बाबा दुसऱ्याच्या हातचं जेवत नोते. आई घडीभर दिसली नाई का तळ्याच्या बांधाकडं निघून जात. आईनं ऑपरेशन एकदा फुडं ढकललं, मंग पुन्हा ढकललं. पायऱ्यावर बसून दम घ्याची. मी म्हनलं, "आई, तू मरशीन वो." तं म्हने, "मरालेबी फुरसत पाह्यजे ना रे."

तवाच गावात आरोग्याचं काम पाहनाऱ्या आशाताईनं निरोप आनला. भंडाऱ्याले सरकारी बैठक होती. डिमेन्शियाच्या रुग्नासाठी आन त्याईले सांभाळनाऱ्या घरच्यासाठी आराखडा बनून राह्यला होता. सांभाळनाऱ्याईले बोलावलं होतं. आई कुठून जाईन? मी गेलो.

हॉलात साहेबच साहेब. सांभाळनारे आमी बोटावर मोजन्यासारखे, बाकीचे कसे येतीन? एक मॅडम पडद्यावर दाखवून राह्यली होती. गावोगाव तपासनी, आशाताईले ट्रेनिंग, तालुक्याले क्लिनिक, घरच्याईसाठी समुपदेशन. वाईट काहीच नोतं त्यात.

मी हात वर केला. "मॅडम, समुपदेशनाले माही आई येईन, तं बाबाजवळ कोन बसन?"

मांगं दोघं-तिघं हासले. मॅडम हासली नाई. मी ऑपरेशनचं सारं सांगतलं. एरवी मी आईच्या आवाजात सांगतलं असतं, त्या दिवशी नाई जमलं.

"घरी येऊन बसणारं माणूस आराखड्यात नाही," ती म्हनली. "आज लिहून घेते. पण मंजुरी, मग निधी, मग भरती. तुमच्या आईच्या ऑपरेशनआधी हे होणार नाही. थांबू नका."

खोटी आशा नाई देल्ली, याचे उपकार मी मानतो.

बाहेर चहापाशी आंधळगावचा एक म्हातारा जवळ आला. "बरं बोल्ला पोट्ट्या," म्हने. "मी माह्या बुढीले घरात कुलूप लावून आलो." चहा अर्धा ठेवून बस धराले पळाला.

घरी येऊन आईले म्हनलं, "बॅग भर. बाबाले मी पाहतो."

पह्यल्या दिवशी बाबानं ताट सरकवून देल्लं. "ते कुठी गेली?" दहादा विचारलं आन चपला शोधू लागले. मले काही सुचे नाई. मी सैपाकखोलीत गेलो आन आईच्या आवाजात म्हनलं, "जेवून घ्या जी, मी भाकर टाकून राह्यली."

बाबा बसले. जेवले. मंग रोज तसंच. मले वाटलं, जमलं लेका! तिकडं आशाताईच्या सोबतीनं आईचं ऑपरेशनबी नीट झालं.

आई घरी आली. वाळली होती, पोटावर हात धरून हळूहळू चालत. फाटकापासून मी तिची बॅग धरून मांगं. बाबा ओसरीवर होते. तिले पाहून उठले, खुर्ची फुडं केली.

"बसा बाई. ते आतमंदी हाय, सैपाक करून राह्यली." आन सैपाकखोलीकडं तोंड करून, "अवो, पाहुनी आली! चहा ठेव!"

आतून कोन बोलनार? मी तं इथं उभा.

बाबानं पुन्हा आवाज देल्ला. चेहरा घाबरा झाला, चपला पाहू लागले.

आई खुर्चीचा हात धरून सांभाळून बसली, पाहुनी बसते तशी, काठावर. पदर सारखा केला.

"जा," मले हळूच म्हनली. "उत्तर दे त्याईले."