रसूल मिस्त्रीचा अंगठा
पिंपळीच्या फाट्यावर रसूल मिस्त्रीचं गॅरेज. पाटी नाही, आणि लागतही नाही. जुनी गाडी घ्यायची असो की विकायची, सोमेश्वरनगरपासून इंदापूरपर्यंतची माणसं आधी रसूलचा अंगठा लावून घेणार. प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबायचा आणि दुसऱ्यानं स्टार्टर मारायचा. आतली हवा अंगठा किती जोरात उडवते, त्यावरून रसूल सांगायचा इंजिनात किती दम राहिलाय ते. तीस वर्षं सांगितलं, चुकला नाही. त्याच्या लेकीनं, सुहानानं, कंप्रेशनचा, म्हणजे आतल्या हवेचा दाब मोजायचा मीटर आणून दिला होता, तो डब्यातच पडून. "मीटर लावायला इंजिनाला काय ताप आलाय व्हय?" असं म्हणून हा बाबा गिऱ्हाइकांना हसवायचा.

एका रविवारी सर्जेराव तात्या आले, सोबत त्यांची बायको कुशाबाई. चोवीस वर्षांची मारुती, चढाला गचके खात होती. खरी मालकीण कुशाबाईच. पन्नाशीत हट्टानं गाडी शिकल्या त्या हिच्यावर. दुसऱ्या गाडीला हात लावायची छाती होत नव्हती. ही गेली की बाईंचं एकटीनं कुठं जाणंयेणं संपलं.

कुशाबाईंनी स्टार्टर मारला. रसूलनं तिन्ही भोकांवर अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली.

"संपलं. तिन्ही सिलिंडर गेलीत. तात्या, ह्यात आता राम न्हाय उरला. भंगारात घाला."

कुशाबाई पदरानं स्टेअरिंग पुसत बसल्या.

सुहाना लोणी देवकरच्या कारखान्यात दिवसभर मापं तपासते. सुट्टी म्हणून घरी होती. "अब्बा, एकदा मीटर लावू?"

"लाव. फिटू दे तुझी हौस."

तिनं मीटर बसवला, कुशाबाईंना ॲक्सिलरेटर पुरता दाबून स्टार्टर मारायला सांगितलं. एकशे साठ. एकशे पंचावन्न. पुन्हा एकशे साठ.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "इंजिन ठणठणीत हाय. प्लगच्या वायरी तेवढ्या कुजल्यात."

रसूलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अंगठा का चुकला, ते त्याला ठाऊक होतं. दहा वर्षांची शुगर. आधी तळपाय बधिर झाले, मग बोटं. गेल्या महिन्यात अंगठा तापल्या सायलेन्सरला टेकला होता, तर कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा चटका कळला. सगळं ठाऊक असूनही हा माणूस चारचौघांत ऐटीत अंगठा दाबतच राहिला. काय म्हणावं या मिजाशीला! अंगठा गेला म्हटल्यावर आपल्याला विचारणार कोण, एवढीच त्याची भीती.

तेवढ्यात तात्या हसले. "पोरी, मीटर बिघडलाय तुझा. रसूलभाईचा अंगठा खोटं बोलायचा न्हाय. " मग बायकोकडं वळले. "अगं, उतर खाली. गाडीतलं सामान काढून घे."

सुटका अशी आयती चालून आली होती. रसूलनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो बसलासुद्धा. कुशाबाईंनी डिकीतली पिशवी काढली, पाठीमागची उशी काढली. मग त्या पुन्हा आत वाकल्या आणि आरशाला बांधलेली काळी बाहुली सोडायला लागल्या. गाठ काही सुटेना. रसूलला ते बघवेना.

"राहू द्या, वहिनी," तो म्हणाला. "तात्या, मीटर बरोबर हाय. माझा अंगठाच मेलाय. चार-पाच महिनं झालं, मला कायबी कळत न्हाय. लाज वाटत हुती, म्हणून बोललो न्हाय."

कुशाबाई उशी घेऊन परत सीटवर जाऊन बसल्या, कुणी उठवील या भीतीनं दार लावून. रसूलला वाटलं, चला, सुटलो.

तात्या हसत नव्हते.

"रसूलभाई, चार महिन्यांमागं, दिवाळी झाल्यावर, आमच्या पोराची, युवराजची गाडी तुमी अंगठा लावूनच मोडीत काढायला लावली हुती. ती?"

रसूलनं मान खाली घातली.

"ती बी चांगलीच असंल, तात्या."